बाळ-बाळंतिणीची ताटातूट

शेजारणीकडे बाळंतपण झाले की आपण साऱ्या जणी दोन प्रश्न विचारतो. पहिला, "काय झाले?" आणि दुसरा, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?" ह्या दुसऱ्या प्रश्नात आपल्या भाषेने दोघांची नावे एकाच दमात घेतली आहेत. मध्ये 'आणि' एवढीही फट ठेवलेली नाही. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही जोडी फुटली. बाळ एका खोलीत आणि बाळंतीण दुसऱ्या खोलीत, अशी रीत जगात पुष्कळ ठिकाणी पडली. पुढे शहाण्या डॉक्टरांनाच ती चूक उमगली आणि पाळणा पुन्हा खाटेजवळ आला. ही सारी हकीकत मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत सांगावी असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड आहे आणि घरात-शेजारात बाळंतपणे पुष्कळ पाहिली आहेत. तेवढ्या शिदोरीवर हे चार शब्द लिहीत आहे.

पूर्वीपासून सुरुवात करू. आमच्या सासूबाईंची तिन्ही बाळंतपणे पैठण तालुक्यात त्यांच्या माहेरी झाली. घराच्या मागच्या अंगाची एक अंधारी खोली, दाराला गोणपाटाचा पडदा, सुंभाची बाज आणि बाजेखाली शेगडी. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग ह्यांची धुरी. सुईण रोज येऊन बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घाली आणि बाळंतिणीचे अंग रगडी. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. त्या खोलीत बाळ कोठे असे? आईच्या कुशीत. त्याला दुसरी जागाच नव्हती. रात्री ते कुसकुसले की आईचा हात आपोआप तिकडे जाई.

हे ऐकले की वाटते, जुने तेच सोने. पण भगिनींनो, तसे म्हणून चालणार नाही. त्याच खोलीत धुराने बाळाचा जीव गुदमरे. सुरती म्हणजे पहिले पिवळसर घट्ट दूध 'वाईट' म्हणून पिळून टाकून देत आणि तीन दिवस बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवीत. आज डॉक्टर सांगतात की ते पहिले दूध म्हणजे बाळाची पहिली लस आहे. सुईणीच्या हाताला साबण नसे. नाळ कापायला घरात असेल ते विळा-कोयता चाले, आणि धनुर्वाताने कितीतरी लेकरे जात. शिवाय बाळंतीण दहा दिवस विटाळशी. तिला लांबूनच वाढायचे, तिच्या भांड्याला हात लावायचा नाही. म्हणजे जुन्या खोलीत बाळ आईजवळ होते, परंतु आईला मान होता असे म्हणता येत नाही. बाळ जवळ असणे आणि आईची विचारपूस होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढची सारी हकीकत वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

ताटातूट समाजानेही केली. फसलेल्या किंवा फसविल्या गेलेल्या तरुण विधवांना लपूनछपून बाळंत व्हावे लागे, आणि लोकलाजेस्तव पोटचा गोळा टाकून द्यावा लागे. १८६३ साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई ह्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे विधवेने गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यायचे की तेथे ठेवायचे हे तिच्या खुशीवर सोडलेले असे. ह्या शेवटच्या अटीपाशी मी वाचता वाचता थांबले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, ज्या बाईला घरात कोणी एक शब्द बोलू देत नव्हते, तिला ह्या नवराबायकोने विचारले, बाई, तुझी इच्छा काय? ह्याच गृहात काशीबाई नावाच्या विधवेला झालेल्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तेच पुढे डॉक्टर झालेले यशवंतराव.

आता दवाखान्यांकडे वळू. दवाखाने उगीच आले नाहीत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना बाळंत झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर, हे शल्य घेऊन त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या आणि १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर कमिशनसमोर साक्ष देताना सांगितले होते की ह्या देशाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे. १८८५ साली डफरिन फंड निघाला, १८८६ साली मुंबईस बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. १९४८ च्या सप्टेंबरात तो मोकळा झाला, आणि १९५६ साली आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्याच रुग्णालयाला आपण सारे 'घाटी' म्हणतो. अडलेली बाई बैलगाडीतून, एस्टीतून, आता रुग्णवाहिकेतून तेथे येते आणि जीव वाचवून घरी जाते. दवाखान्याचे हे उपकार विसरून पुढचे लिहिले तर तो कृतघ्नपणा होईल.

मग ताटातूट झाली ती कशी? त्याची कारणे वाईट नव्हती. युरोपातील मोठ्या इस्पितळांत बाळंतरोगाने बायका पटापट मरत. १८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की हा रोग डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांनी पसरतो. तेव्हापासून संसर्गाची धास्ती बसली ती योग्यच होती. पुढे ती धास्ती इतकी वाढली की बाळाला सर्वांपासून दूर ठेवावे, आईपासूनसुद्धा, असे ठरले. दुसरे कारण यंत्र. १८८० साली पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेची पेटी वापरात आणली. कोंबडीची अंडी उबविण्याच्या पेटीवरून ती कल्पना त्यांना सुचली असे सांगतात. पेटीने लेकरे वाचू लागली, हे खरेच. परंतु पेटी आली आणि आई पेटीच्या बाहेर राहिली.

त्यांचेच शिष्य डॉक्टर ब्यूदँ ह्यांच्या लवकरच ध्यानात आले की ज्या आयांना बाळाला पाजता येत नाही, हात लावता येत नाही, त्यांची माया हळूहळू आटू लागते. म्हणून त्यांनी आयांना आत येऊ द्यावे, दूध पाजू द्यावे असा आग्रह धरला. पण जगाने पेटी घेतली आणि ब्यूदँ ह्यांचा हा सल्ला मात्र मागे टाकला. १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात अशी बाळे पेट्यांत ठेवून तिकीट लावून लोकांना दाखविली. अमेरिकेत तर हे प्रकार १९४३ पर्यंत चालले. बाळ जगविण्याचा खर्च त्या तिकिटांतून निघे, म्हणून त्या माणसाला सरसकट दोषही देता येत नाही. तरी मनात येतेच, गर्दी तिकीट काढून बाळाला बघत असताना त्याची आई कोठे असेल?

ह्याच सुमारास विलायतेत आणि अमेरिकेत धडधाकट बाळांसाठीही निराळी खोली निघाली. तिला नर्सरी म्हणत. काचेची भिंत, आत ओळीने पाळणे. बाळ दर चार तासांनी घड्याळ पाहून आईकडे आणायचे, पाजून झाले की परत न्यायचे. मधल्या वेळात रडले तर बाटली. बापाने काचेतून पाहावे. हीच शिस्त म्हणजे सुधारणा, असा समज झाला आणि आपल्याकडील कित्येक दवाखान्यांनीही ती उचलली. आईला दूध येत नाही ही तक्रार मग घरोघर ऐकू येऊ लागली. येणार कसे? बाळ जितके ओढते तितके दूध उतरते, एवढे तर गोठ्यातली गाय वासरू लुचल्यावर आपल्याला दाखविते.

परतीची वाट तीन ठिकाणी दिसली. पहिली अमेरिकेतच. न्यू हेवन येथील रुग्णालयात डॉक्टर एडिथ जॅक्सन ह्या बाईंनी १९४६ साली बाळाचा पाळणा आईच्या खाटेजवळ ठेवण्याची सोय केली. त्याला तिकडे 'रूमिंग-इन' असे नाव मिळाले. आपल्याकडे ज्याला नावच नव्हते, कारण ते सहज घडत होते, त्याला तिकडे नाव द्यावे लागले!

दुसरी वाट गरिबीतून निघाली. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तेथील सरकारी प्रसूतिगृहात पेट्या थोड्या आणि कमी वजनाची बाळे फार. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. एकाचे दुखणे दुसऱ्याला लागे. १९७८ साली डॉक्टर रे ह्यांनी ठरविले की आईलाच पेटी समजावे. बाळाला झबले न घालता आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे, वरून कापडाने बांधायचे, आणि आईचेच दूध द्यायचे. कांगारू नावाचा प्राणी पिलाला पोटाच्या पिशवीत बाळगतो, म्हणून ह्याला कांगारू पद्धत म्हणतात. आईच्या अंगाची ऊब बाळाला पुरते, तिच्या श्वासाबरोबर बाळाचा श्वास लयीत येतो, आणि भूक लागली की दूध तोंडाशीच असते.

तिसरी वाट आपल्या मुंबईची. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय महापालिकेचे. धारावी जवळच. तेथे नवजात बालकांचा विभाग डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस ह्यांच्याकडे होता. बाळे नाजूक, परिचारिका थोड्या, आणि वरच्या दुधाने जंतुसंसर्ग. त्यांनी वरचे दूध बंद केले, आयांना विभागात आणले, हात धुवायला शिकविले आणि त्यांच्या बाळांची देखभाल त्यांच्याच हाती दिली. ज्या आईला दूध कमी त्या बाळासाठी दुसऱ्या आईचे दूध मिळावे म्हणून १९८९ साली तेथे दुधाची पेढी निघाली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. धारावीतील मजुरी करणाऱ्या बाईला 'तू बाहेर थांब' असे न म्हणता 'तू आत ये, तुझ्यावाचून आमचे अडते' असे म्हटले गेले, ह्याचे मला सर्वांत अप्रूप वाटते.

ह्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी प्रसूतिगृहांसाठी दहा नियम सांगितले. त्यातील सातवा नियम असा, की आई व बाळ चोवीस तास एकत्र असावेत. १९९१ साली हे नियम पाळणाऱ्या दवाखान्यांना 'बाळस्नेही' म्हणण्याची चळवळ सुरू झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या वर्ध्यास स्तनपानाचा प्रसार करणारी देशव्यापी संस्था स्थापन झाली. १९९२ साली आपल्या सरकारने कायदा करून डब्याच्या दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिराती आणि बाळंतिणींना फुकट नमुने वाटणे बंद केले.

गडचिरोलीकडेही पाहावे. तेथे डॉक्टर अभय व राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची तपासणी करीत, ऊब कशी द्यावी, कसे पाजावे हे दाखवीत, आणि गरज पडल्यास औषधही देत. तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचे मृत्यू बाजूच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली विलायतेच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बाळाला आईपासून उचलून न नेता मदतच आईच्या दारी नेली, तर काय होते ते ह्या बायकांनी दाखविले. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात त्याचे मूळ तेथे आहे.

अगदी अलीकडे, २०२१ साली, आपल्या देशासह आफ्रिकेतील चार देशांत केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल लागला. आपल्याकडे हे काम दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाले. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आत वजनाची तीन हजारांवर बाळे त्यात होती. पूर्वी अशी बाळे यंत्राखाली स्थिर झाली की मग आईकडे देत. येथे काही बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर दिले आणि आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली. त्या बाळांत मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर ब्यूदँ ह्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी जे सांगितले होते, ते आता आकड्यांनी सिद्ध झाले.

आता कोणी म्हणेल, हे सारे झाले की! मग लिहायचे कशाला? लिहायचे ते अशासाठी. आज महाराष्ट्रात शंभरांतली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि शंभरांत सुमारे पंचवीस पोट फाडून. म्हणजे आपल्या लेकी-सुनांची पहिली रात्र घरच्या बाजेवर नव्हे, दवाखान्याच्या खाटेवर जाते. आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे मात्र अजून निम्म्याच्या आसपासच आहेत.

माझ्या भाचीचे काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात सिझेरियन झाले. बाळाचे वजन चांगले, रडणे खणखणीत. तरी त्याला 'नजरेखाली' म्हणून दुसऱ्या मजल्यावर ठेवले. का, हे कोणी सांगेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आईच्या हाती आले. तोवर त्याचा फोटो मोबाईलवरून जालन्यापासून पुण्यापर्यंत साऱ्या पाहुण्यांनी पाहिला होता. पेढे वाटून झाले होते. नाक कोणावर गेले ह्याचाही निकाल लागला होता. फक्त आईने लेकरू पाहिले नव्हते. ती मला म्हणाली, "मावशी, सगळे मला सांगत होते की ते गोरे आहे." ह्यात दवाखान्याचा दोष होता तसा आम्हा बाहेर बसलेल्यांचाही होता. आमच्यापैकी एकीलाही आत जाऊन विचारावेसे वाटले नाही.

अर्थात काही वेळा वेगळे ठेवणे भागच असते. बाळाला श्वास घेता येत नाही, झटके येतात, आईला रक्तस्राव होतो, अशा वेळी डॉक्टरांच्या हातात हात घालून अडवणूक करणे हे शहाणपण नव्हे. परंतु तेव्हाही का नेतो, कोठे नेतो, केव्हा भेटता येईल, हे आईला सांगायला दोन मिनिटे पुरतात. आईला खुर्चीवरून नेऊन बाळ दाखविता येते. तिचे दूध काढून बाळाला पोचविता येते. २०१९ साली जगातील अनेक संस्थांनी मिळून आई व नवजात बालक ह्यांच्या हक्कांची सनद नव्याने काढली. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की संमतीवाचून बाळाला आईबापांपासून वेगळे करू नये. आपल्या फुल्यांनी विधवेला विचारलेला तोच प्रश्न!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाळ जवळ ठेवायचे म्हणजे सारे ओझे बाळंतिणीवर टाकून आपण निवांत व्हायचे असे नव्हे. टाके दुखत असतात, झोप नसते. अशा वेळी 'आई आहेस ना, मग सांभाळ' असे म्हणणे हीही एक निष्ठुरताच. जुन्या काळी सुईण, आई, मावशी असे चार हात भोवती असत. ते हात आता आपण द्यायचे. लंगोट बदलावे, बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घ्यावे, बाळंतिणीला खसखशीची खीर भरवावी, आणि तिला झोप हवी असेल तर तिला विचारूनच बाळ मांडीवर घ्यावे. तिने नुसती मान हलविली की परत द्यावे.

मंडळातील पुष्कळ जणी आता सासवा झाल्या आहेत, काही आज्या झाल्या आहेत. दवाखान्यात बाळंतिणीसोबत आपणच असतो. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. बाळंतपणाआधी दवाखान्यात नाव घालतानाच डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारून ठेवावे की बाळ आईजवळ ठेवता ना, आणि सिझेरियन झाले तर ते किती वेळात तिच्या अंगावर देता. आगाऊ विचारले तर कोणी रागावत नाही. बाळ बाहेर आणले की फोटोची घाई करू नये. मध, गुटी चाटवू नये. आणि घरी परतल्यावर पाहुण्यांच्या रांगेत बाळ हातोहात फिरवू नये, ते प्रदर्शन आता पुरे झाले.

पुढच्या वेळी कोणाकडे आनंदाची बातमी आली की आपल्या दोन प्रश्नांत तिसऱ्याची भर घालू या. "आईने बाळाला जवळ घेतले का?" हे विचारायला पैसा लागत नाही, की शिक्षण लागत नाही. एकीने विचारले की फोनवरची बाई उठून आत जाऊन पाहील, आणि कोठेतरी एक पाळणा दोन हात अलीकडे सरकेल.